पाळक कोण नेमतो आणि शिकायचं कुणी? इंग्लंडच्या चर्चबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलो आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहतो. इथल्या चर्चच्या कारभारी समितीवर आहे. मध्यंतरी आमची पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची, इथल्या भाषेत 'व्हिकर'ची) जागा रिकामी झाली तेव्हा मंडळीच्या दोन प्रतिनिधींपैकी एक म्हणून मला पुढे केलं गेलं, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे लोक प्रश्न विचारत असतात. नागपूरचे नातेवाईक म्हणतात, "तुमच्याकडे पाळकसाहेबांची बदली कोण करतं?" इथल्या मराठी मंडळातले मित्र म्हणतात, "व्हिकर म्हणजे सरकारी नोकरच ना?" फोनवर दरवेळी तेच दळण दळण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. बहुतेक उत्तरं 'चर्च ऑफ इंग्लंड'बद्दलची आहेत. इतर ठिकाणचं असेल तिथं तसं म्हटलं आहे.

अँग्लिकन म्हणजे नेमके कोण? आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) त्यात येतं का?

येतं, पण जरा वळणानं. सोळाव्या शतकात रोमपासून वेगळं झालेलं इंग्लंडचं चर्च आणि त्याच्या परंपरेतून जगभर उभी राहिलेली स्वतंत्र चर्चेस मिळून हे अँग्लिकन कुटुंब होतं. आज त्यात ४२ सभासद चर्चेस आहेत. कुटुंब असलं तरी घराला एक कर्ता नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपला पहिला मान आहे, पण नागपूरच्या किंवा नैरोबीच्या पाळकाची नेमणूक त्यांच्या हातात नाही.

पूर्वी तसं नव्हतं. मुंबईचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, १८३७ साली झाला आणि तिथला बिशप इंग्लंडची राजसत्ता नेमत असे. १ मार्च १९३० रोजी हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च कायद्यानं स्वतंत्र झालं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन धरून सहा परंपरा एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'चा जन्म झाला, तोही आमच्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. म्हणून सीएनआय अँग्लिकन कुटुंबात आहे, पण तिच्या अंगात प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट असं बरंच रक्त आहे. अहमदनगरकडची जुनी मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. तिथल्या एखाद्या आजीला "तुम्ही अँग्लिकन ना?" असं विचारलंत तर ती चष्म्यावरून बघेल.

पाळक कोण नेमतं? बिशपच ना?

इथंच आपले लोक पहिल्यांदा चकतात. इंग्लंडमध्ये पाळकाचं नाव सुचवण्याचा हक्क 'पॅट्रन'कडे असतो, आणि पॅट्रन बिशप असेलच असं नाही. आपल्याकडचा 'वतन' हा शब्द आठवा म्हणजे गोष्ट चटकन कळेल. मध्ययुगात एखादा जमीनदार स्वतःच्या जमिनीवर चर्च बांधायचा, पुजाऱ्याच्या पोटापाण्यासाठी शेत तोडून द्यायचा, आणि बदल्यात इथं पाळक कोण येईल ते मी सांगणार, असा हक्क राखून ठेवायचा. हा हक्क मालमत्तेसारखा होता. वारशानं जायचा, विकला जायचा. आता तो विकता येत नाही, १९८६च्या कायद्यानं ते बंद केलं. वारशानं मात्र अजूनही जातो.

त्यामुळे आज पॅट्रन कोण असेल याला धरबंध नाही. कुठे बिशप, कुठे कॅथीड्रलचं मंडळ, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज, कुठे जुन्या जहागिरीचे आजचे वारस, शेकडो ठिकाणी लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजसत्तेच्या वतीनं एक मंत्री. शिवाय पॅट्रनेज सोसायट्या आहेत, आणि त्यांच्यामागे एका माणसाची गोष्ट आहे.

चार्ल्स सिमियन नावाचा तरुण १७८२ साली केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये नेमला गेला. लोकांना तिथला सहायक पाळक हवा होता, बिशपनं सिमियनला दिलं. लोक इतके चिडले की आपापल्या बाकांच्या दारांना कुलपं लावून घरी बसले. तेव्हा बाकं खासगी असत. आलेल्या माणसांना वर्षानुवर्षं मधल्या वाटेत उभं राहून उपदेश ऐकावा लागला. सिमियन हटला नाही. १८३६ साली वारला तेव्हाही तो त्याच चर्चमध्ये होता. पण एक गोष्ट त्यानं पक्की ओळखली, की पाळक कोण हे ठरवणारा हक्क ज्याच्याकडे, त्याच्याकडे पुढच्या पिढीची श्रद्धा. म्हणून त्यानं पैसे जमवून असे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली आणि ते विश्वस्तांकडे सोपवले. ते विश्वस्त मंडळ आजही अनेक गावांचं पॅट्रन आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आलेल्या हेन्री मार्टिनसारख्या चॅप्लिनांमागेही हाच सिमियन होता.

मला स्वतःला ही पद्धत वाटते तितकी टाकाऊ वाटत नाही. बिशपच्या मर्जीबाहेरचा एक तिसरा माणूस खोलीत असणं कधीकधी बरं पडतं.

मग मंडळीच्या हातात काय उरतं? कुलूप लावणंच?

नाही. सिमियनच्या काळात कुलूप हाच उपाय होता. आता कायद्यानं 'नाही' म्हणता येतं, आणि माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

१९८६च्या त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली एक सभा होते. इथं सगळे तिला नुसतं 'सेक्शन इलेव्हन' म्हणतात. जागा रिकामी होत असल्याची नोटीस आली की पीसीसी, म्हणजे चर्चची निवडून आलेली कारभारी समिती, चार आठवड्यांच्या आत बसते. जाणारा पाळक, त्याची बायको किंवा नवरा, आणि पॅट्रन यांना या सभेला येता येत नाही. आपल्याकडे हे नुसतं सांगितलं तरी लोक हसतात, कारण पाळकबाईंना वगळून मंडळीनं काही ठरवणं म्हणजे काय! पण कारण उघड आहे. लोकांनी मनातलं बोलावं.

सभेत गावाची आणि मंडळीची गरज, परंपरा, अडचणी लिहून काढतात. जाहिरात द्या असं पॅट्रनला सांगायचं का, हे ठरवतात. आणि दोन प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेले, प्रतिनिधी निवडतात. पॅट्रननं निवडलेल्या माणसाला बिशपची आणि या दोघांपैकी प्रत्येकाची संमती लागते. दोघांपैकी एकानं जरी नकार दिला तरी पॅट्रनला पुढे जाता येत नाही. नकाराची कारणं मात्र लेखी द्यावी लागतात, आणि प्रतिनिधीनं दोन आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर ती संमतीच धरतात. नकार पटला नाही तर पॅट्रन आर्चबिशपकडे दाद मागू शकतो. राजसत्तेच्या पॅट्रनेजला हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, पण व्यवहारात तिथंही लोकांना विचारतातच.

आमच्या वेळचं सांगतो. शेवटच्या फेरीत दोन उमेदवार होते. एकाचा आवाज असा, की प्रार्थना म्हणायला लागला आणि खोली गप्प झाली. पॅट्रनचे प्रतिनिधी खूश, मी खूश. माझ्यासोबतची दुसरी प्रतिनिधी निवृत्त सुईण होती. तिनं शांतपणे विचारलं, "बाप्तिस्मा व्हायच्या आत बाळ गेलं, तर आईला तुम्ही काय सांगाल?" त्यानं बरंच सांगितलं, सुंदर शब्दांत. पण ते सगळं ऐकल्यावर त्या आईचं बाळ देवाजवळ आहे की नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी सही करणार नाही." आणि कारण एका पानावर लिहून दिलं: बाप्तिस्म्याबद्दल चर्च काय मानतं, त्याच्या बोलण्यात काय गळलं, गावात त्यानं काय होईल. मला तसं पान लिहिता आलं नसतं. मला फक्त आवाज आवडला होता. जाहिरात पुन्हा दिली गेली आणि त्या हिवाळ्यात मी एका अभ्यासवर्गात नाव घातलं. त्याबद्दल खाली येईल.

जागा रिकामी असते तेव्हा चर्च चालतं कसं?

दोन चर्चवॉर्डन (चर्च सांभाळायला निवडलेली माणसं) आणि आसपासचे निवृत्त पाळक यांच्या जिवावर. या काळाला 'इंटररेग्नम' म्हणतात, म्हणजे दोन राजांमधला काळ. शब्द राजाचा असला तरी काम छप्पर गळतंय का ते बघायचं. बरेचदा वर्षभर चालतं. काही मंडळ्या या काळात खचतात, काही चक्क खुलतात, कारण लोकांना कळतं की वाचन, प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं आपल्यालाही येतं.

जाहिरात, मुलाखत हे सगळं नोकरीसारखंच का?

बाहेरून तसंच. चर्च टाइम्स या साप्ताहिकात जाहिराती येतात. प्रत्येक मंडळी स्वतःची माहितीपुस्तिका काढते, तिला 'पॅरिश प्रोफाइल' म्हणतात. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिराती वाचायची सवय असेल तर ती वाचताना मजा येते. 'प्रेमळ, मोकळ्या मनाची मंडळी' म्हणजे आपसात भांडण आहे. 'भरपूर वाव' म्हणजे रविवारी अकरा माणसं येतात. 'ऐतिहासिक निवासस्थान' म्हणजे थंडीत कुडकुडायची तयारी ठेवा.

पण कायद्यानं ही नोकरी नाही. पाळक हा पदधारी असतो, कुणाचा नोकर नसतो. आणि मराठी मंडळातल्या मित्रांसाठी: सरकारचा तर नाहीच. त्याचं मानधन धर्मप्रांतामार्फत येतं. त्यातला मोठा वाटा मंडळ्यांच्या दानातून येतो आणि काही भाग चर्चच्या जुन्या मालमत्तेच्या उत्पन्नातून.

रेक्टर, व्हिकर, प्रीस्ट-इन-चार्ज, क्युरेट: यांत फरक काय?

आधी शुद्धलेखन. 'व्हिकर' लिहा. 'विकर' लिहिलंत तर चालेल, पण एक काना जास्त पडला की 'विकार' होतो, आणि नागपूरच्या एका निमंत्रणपत्रिकेत तो झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

रेक्टर आणि व्हिकर यांतला फरक जुन्या काळच्या धान्याच्या दशमांशावरून पडला. रेक्टरला सगळा मिळे, व्हिकर हा मूळचा बदली माणूस, त्याला लहान वाटा मिळे. आज फरक फक्त नावाचा आहे. क्युरेट म्हणजे दीक्षा घेऊन अनुभवी पाळकाच्या हाताखाली शिकणारा.

प्रीस्ट-इन-चार्जची गोष्ट वेगळी. पूर्वी रेक्टर-व्हिकरला 'फ्रीहोल्ड' असे. पेशवाईतल्या शब्दांत सांगायचं तर तो मिरासदार: वारसाहक्क नाही, पण एकदा बसला की त्याला उठवणं महाकठीण. आणि प्रीस्ट-इन-चार्ज म्हणजे उपरी. धर्मप्रांताला चर्चेस एकत्र करायची असतील तर बिशप पॅट्रनचा हक्क काही वर्षं स्थगित करतो आणि तिथं असा उपरी नेमतो. स्थगितीत त्या दोन प्रतिनिधींचा कायदेशीर नकारही जातो. भले बिशप तरीही मंडळीला विचारतात, पण विचारणं वेगळं आणि विचारावंच लागणं वेगळं. मला ही सोय फार सैल हातानं वापरली जाते असं वाटतं.

३१ जानेवारी २०११ पासून 'कॉमन टेन्युअर' नावाची नवी पद्धत आली. तिच्यात पाळकाला रजा, तक्रारीची सोय, कामाचा आढावा हे सगळं मिळालं. नवे पाळक सगळे याच पद्धतीत येतात. निवृत्ती सत्तराव्या वर्षी.

आमच्याकडे बदली होते. तिथं होत नाही?

नाही. आपल्याकडे बिशपचं पत्र आलं की पाळकसाहेबांचं सामान टेम्पोत. मंडळी हार घालते, रडते, आणि कधीकधी सुटकेचा निःश्वास टाकते. इथं पाळक स्वतः अर्ज करून निघेपर्यंत राहतो. बदलीच्या पद्धतीत खेड्यातल्या गरीब मंडळीलाही पाळक मिळतो, हे तिचं मोठं पुण्य. इथं उत्तरेकडच्या जुन्या कारखानदारी गावांसाठी जाहिरात दोन-दोनदा द्यावी लागते.

नवा पाळक येतो तो दिवस मात्र बघण्यासारखा असतो. तो राजाशी निष्ठेची आणि बिशपच्या कायदेशीर आज्ञा पाळण्याची शपथ घेतो. बिशप त्याच्या हाती अधिकारपत्र देताना म्हणतात की आत्म्यांची ही काळजी तुझीही आहे आणि माझीही. मग आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाळक, त्याचा हात चर्चच्या दाराला लावतो आणि तो स्वतः घंटा वाजवतो. गावकरी टोले मोजतात, कारण जितके टोले तितकी वर्षं तो राहणार, असा समज आहे. आमच्या नव्या पाळक बाई आहेत, त्यांनी सात वाजवले. मागच्या बाकावरून कुणीतरी "आणखी एक!" म्हणालं.

मला पाळक व्हायचं असेल तर?

आधी आपल्याच पाळकाशी बोला. मग धर्मप्रांताचे अधिकारी महिनोन्महिने भेटतात. घरचं, पैशाचं, श्रद्धेचं, सगळं विचारतात. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर दोन टप्प्यांत पारख होते. शेवटचा शब्द बिशपचा. डीकन (दीक्षेची पहिली पायरी) व्हायला किमान २३ वर्षं वय लागतं, प्रीस्ट (पुढची पायरी) व्हायला २४.

शिक्षण दोन-तीन वर्षांचं. केंब्रिजचं वेस्टकॉट हाउस किंवा रिडली हॉल, ऑक्सफर्डजवळचं कडस्डन, डरहॅमचं क्रॅनमर हॉल अशा ठिकाणी राहून शिकता येतं, नाहीतर नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. २०१४ पासून बहुतेकांना डरहॅम विद्यापीठाच्या 'कॉमन अवॉर्ड्स'ची पदवी किंवा पदविका मिळते. मग तीन-चार वर्षं क्युरेट. नोकरी सांभाळून शिकलेल्यांना कमी लेखणारी माणसं अजून भेटतात. त्यांना मी एकच सांगतो: सॅरा मुलाली इंग्लंडच्या मुख्य परिचारिका अधिकारी होत्या, ते पद सांभाळत शिकल्या, २००१ साली दीक्षा घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी त्यांचंच नाव जाहीर झालं.

स्त्रिया पाळक होऊ शकतात?

होय. मतदान नोव्हेंबर १९९२ मध्ये झालं, पहिल्या दीक्षा १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलमध्ये, पहिल्या बिशप लिबी लेन जानेवारी २०१५ मध्ये. ज्या मंडळ्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठी वेगळ्या बिशपची सोय आहे. ती सोय उदार आहे की अपमानकारक, यावर आमच्या पीसीसीत एक अख्खी संध्याकाळ गेली आणि चहाही राहिला.

बिशपला राजा नेमतो म्हणे. आणि पंतप्रधान हिंदू असेल तर?

कागदावर राजाच नेमतो. खरं काम 'क्राउन नॉमिनेशन्स कमिशन' करतं. त्यात मतदानाचा हक्क असलेले चौदा जण: दोन आर्चबिशप, सिनडमधून, म्हणजे चर्चच्या राष्ट्रीय सभेतून, निवडलेले सहा, आणि ज्या धर्मप्रांताची गादी रिकामी आहे तिथले सहा. यांत प्रापंचिक भरपूर असतात. मतदान गुप्त, दोन तृतीयांश मतं हवीत. त्यामुळे अडतंही. अलीकडे कार्लाईल आणि ईली इथं आयोगाला कुणावर एकमत करता आलं नाही आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागली.

ठरलेलं नाव पंतप्रधानांकडे जातं. पूर्वी दोन नावं जात आणि पंतप्रधान त्यांतून निवड करत. २००७ मध्ये गॉर्डन ब्राउन यांनी तो हात आखडता घेतला, आता एकच नाव जातं आणि ते तसंच राजाकडे पोचतं. मग राजा कॅथीड्रलला 'तुमचा बिशप निवडा' अशी परवानगी देतो आणि सोबतच्या पत्रात कुणाला निवडायचं तेही कळवतो. हा १५३३चा कायदा आहे. याला निवडणूक म्हणायला मोठं मन लागतं.

हिंदू पंतप्रधानाचं म्हणाल तर ऋषी सुनक यांच्या काळात हे काम बिनबोभाट झालं. गंमत अशी, की राजाला चर्चबाबत सल्ला द्यायला रोमन कॅथलिक आणि ज्यू व्यक्तींना एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांनी मनाई आहे. हिंदू पंतप्रधान होईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातच नव्हतं, म्हणून मनाईही नाही.

बाकी देशांत?

वेगवेगळं. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मंडळीची निवडलेली समिती स्वतः पाळक शोधते आणि बिशप धर्मप्रांताच्या सभेत मतदानानं निवडला जातो. आपल्या सीएनआयमध्ये पाळकाची नेमणूक आणि बदली बिशपच्या हाती.

प्रापंचिकांना ईश्वरविज्ञान कशाला? पाळक शिकलेला असतोच की.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि तो विचारणारे बहुतेक जण नंतर पाळकाच्याच तक्रारी करतात. त्या सुईणबाईंचं पान आठवा. कायद्यानं तिला आणि मला सारखाच अधिकार दिला होता. तिला तो वापरता आला, कारण तिनं तीन वर्षं संध्याकाळी बसून अभ्यास केला होता.

(शब्दाबद्दल: 'धर्मशास्त्र' म्हटलं की मराठी माणसाला मनुस्मृती आणि व्रतं-प्रायश्चित्तं आठवतात, म्हणून 'ईश्वरविज्ञान'. तो जड वाटला तर 'थिऑलॉजी' म्हणा, कुणी रागावणार नाही.)

याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण आपल्याच घरचं आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटिज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या, आणि २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमासह तिथं बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांना पत्रं लिहिली. त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्या वाद घालतात. त्यांचं म्हणणं साधारण असं: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, आता दुसरं मानेवर घेणार नाही. शास्त्र मी स्वतः वाचीन.

आणि त्यांनी खरोखर वाचलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. दीक्षा नाही, पद नाही. ज्या चर्चच्या बिशपांनी त्यांना पुरुषांना शिकवू दिलं नाही, त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिलला 'शास्त्राची भाषांतरकार' म्हणून त्यांचं स्मरण होतं. आमच्या गावात त्या दिवशी मराठीतून एक उतारा वाचायचा मान माझा.

कुठे शिकता येतं? किती वेळ जातो?

भूक किती त्यावर आहे. नुसती चव घ्यायची तर 'पिलग्रिम'सारखे काही आठवड्यांचे वर्ग चर्चमध्येच होतात. त्यापुढे धर्मप्रांतांचे वर्ष-दोन वर्षांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मी गेलो तो असाच. अर्धा डझन माणसं, एक शिक्षक, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीची कथा दोन वेळा, दोन तऱ्हांनी येते. पन्नाशीला आलो होतो, रविवारची शाळा पूर्ण केली होती, आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

घरी बसून पण गटात शिकायचं असेल तर अमेरिकेत टेनेसीच्या सिवानी विद्यापीठानं १९७५ साली सुरू केलेला चार वर्षांचा 'एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री' आहे: जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, ईश्वरविज्ञान, दर वर्षी एक. परीक्षा नाही. आठवड्याला एकदा गट बसतो आणि आपल्या आयुष्यातल्या प्रसंगाशी वाचलेलं ताडून बघतो. परीक्षा हवीच असेल तर कॉमन अवॉर्ड्स प्रापंचिकांनाही खुले आहेत. आणि हे सगळं आजचं फॅड नाही. आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी १९०५ साली 'लँबेथ डिप्लोमा' काढला तो मुळात स्त्रियांना ईश्वरविज्ञान शिकता यावं म्हणूनच.

'रीडर' म्हणजे अर्धा पाळक का?

नाही, आणि त्यांच्यासमोर असं म्हणू नका. रीडर हा परवानाधारक प्रापंचिक सेवक. हे पद १८६६ मध्ये पुन्हा सुरू झालं, स्त्रियांना १९६९ पासून खुलं झालं. बऱ्याच धर्मप्रांतांत त्यांना आता 'लायसन्स्ड ले मिनिस्टर' म्हणतात. ओळखायची खूण म्हणजे गळ्यातला निळा पट्टा. दोन-तीन वर्षांचं शिक्षण घेऊन ते उपदेश करतात, उपासना चालवतात, अंत्यविधी करतात, शिकवतात. प्रभुभोजनाचा विधी चालवणं, पापक्षमा जाहीर करणं आणि पाळक म्हणून आशीर्वाद देणं त्यांच्या अधिकारात नाही. प्रभुभोजन प्रापंचिकांनी चालवावं असा आग्रह ऑस्ट्रेलियाच्या सिडनी धर्मप्रांतानं बरीच वर्षं धरला आहे. इतरांनी तो मानलेला नाही.

मानधन नाही. आमच्या सुईणबाई याच. रविवारी निळा पट्टा, सोमवारी नातवंडं.

महाराष्ट्रात राहून शिकायचं तर?

पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, श्रीरामपूरशी, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरशी संलग्न. (हे स्पष्टीकरण गरजेचं आहे. एक मामा खरंच नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला चौकशीला जाऊन आले.) सेरामपूरला पदव्या देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाच्या १८२७च्या सनदेनं मिळाला. पाळकांसाठी त्यांचं बी.डी. आहेच, शिवाय प्रापंचिकांना घरून करता येण्याजोगे ख्रिस्ती अभ्यासाचे बाह्य अभ्यासक्रम आहेत. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून पुण्यात आली. आणि नोकरी-संसार सांभाळून शिकायचं तर बंगळुरूची 'टाफ्टी' ही संस्था १९७१ पासून हेच काम करते. घरी वाचा, ठरलेल्या दिवशी गटात बसा. ही रीत १९६३च्या सुमारास ग्वाटेमालातल्या एका सेमिनरीत निघाली, कारण तिथले खरे पुढारी शेती सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हते. आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांना हे कारण वेगळं समजावून सांगायला नको.

मी ख्रिस्ती नाही. या सगळ्याशी माझा काही संबंध?

इंग्लंडमध्ये राहत असाल तर आहे, आणि तो ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. चर्चवॉर्डन निवडायची वार्षिक सभा फक्त सभासदांची नसते. त्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहणारा आणि स्थानिक निवडणुकीच्या मतदारयादीत नाव असलेला कुणीही तिथं मत देऊ शकतो, धर्म कोणताही असो. भारतीय पासपोर्टवर इथं राहणाऱ्यांनाही स्थानिक मतदारयादीत नाव घालता येतं. म्हणजे जागा रिकामी असताना चर्च सांभाळणाऱ्या दोन माणसांच्या निवडीत तुमचं मत चालतं.

गेल्या वसंतात आमच्या गल्लीतले जोशीकाका कुतूहलानं सभेला आले, मागे बसले, हात वर केला. मोजणाऱ्या बाईंनी त्यांचं नाव यादीत तपासलं, सापडलं, आणि मत धरलं. नंतर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "तो छपराचा निधी कुठवर आला?"